ज्याचे हात रिकामे, त्याने विचारावे

दरवर्षी या सदराचा दिवाळीचा लेख लिहायला बसलो, की आमच्या घरातून एक सूचना येते : "यंदा तरी फराळावर लिहू नका. तेच ते वाचून लोक कंटाळले असतील." आणि संपादकांचा निरोप येतो : "काही तरी आजच्या काळातले, विज्ञानाचे लिहा." दोघांचाही मान राखावा म्हणून यंदा मी मोठमोठ्या संगणकांवर लिहायचे ठरवले आहे. मात्र लिहिता लिहिता मध्येच कढई आली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. कारण मला हा विषय समजला तो कढईपाशीच, आणि तो समजण्याची किंमतही मोजावी लागली. ती मी मोजली नाही. आमच्या वहिनींनी मोजली.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पडला आणि त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, तेव्हा आम्हा दोघा भावांच्या वाट्याला वरखाली दोन बिऱ्हाडे आली. चुली वेगळ्या झाल्या, पण दिवाळीचा फराळ एकत्र, खाली वहिनींच्या घरी, हा रिवाज राहिला. दादा गेल्यावरही तो मोडला नाही. फराळ एकत्र म्हणजे काय, हे जाणत्या वाचकांना सांगायला नको. खाणारे सगळे एकत्र. करणाऱ्या बहुधा एकट्या वहिनी.

दोन वर्षांपूर्वी मला एकाएकी उपरती झाली. म्हटले, हा अन्याय आहे. उभा जन्म हिशेबाच्या खात्यात काढलेला माणूस मी. वाटणी करायला माझ्याइतका लायक दुसरा कोण? वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी मी एक कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि पाच माणसांत पाच जिन्नस वाटले. मला चिवडा, आमच्या हिला बेसनाचे लाडू, पुतण्याला शंकरपाळे, सूनबाईंना चकल्या आणि वहिनींना अनारसे. प्रत्येकी बरोबर दोन किलो. ना कुणाला अधिक, ना कुणाला उणे. कागद फ्रिजवर चिकटवला आणि समता म्हणतात ती हीच, अशा समाधानाने वर गेलो.

माझा चिवडा दुपारी दोनला झाला. त्यानंतर मी एक दिवाळी अंक घेऊन आडवा झालो. हिचे लाडू चारच्या सुमारास वळून झाले आणि वरची शेगडी थंड झाली. खाली मात्र ओट्यावर दोनच शेगड्या. एकीवर रोजचा स्वयंपाक, दुसरीवर तळण. तिथे पुतण्याचे शंकरपाळे, मग सूनबाईंच्या चकल्या, अशी रांग लागली. वहिनी दोघांनाही म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या आधी." त्यांची कढई चढली ती रात्री नऊला. ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना ठाऊक असेल, त्याला घाई चालत नाही. मंद आच, बेताचे तूप, एका वेळी दोन. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत बसायचे. दोन किलो चिवडा आणि दोन किलो अनारसे तराजूत सारखे भरतात. घड्याळात भरत नाहीत.

रात्री दीडला माझी पुतणी कामावरून आली तेव्हा वहिनी मोरीत नळाखाली हात धरून उभ्या होत्या. बसल्या जागी डोळा लागला, झारा निसटला आणि मनगटावर तूप उडाले. वर दोन आणि खाली दोन, अशी चार माणसे त्या वेळी गाढ झोपेत होती.

सकाळी पुतणी कागद हातात घेऊनच वर आली. "काका, ही वाटणी तुम्ही किलोवर केलीत?"

"मग कशावर करायची?"

"वेळेवर! आणि तीही सकाळी एकदा करून मोकळं व्हायचं नाही. दिवसभर करत राहायची असते." मग जरा थांबून ती म्हणाली, "आमचा सगळा धंदाच या एका चुकीवर चाललाय."

तिचा धंदा म्हणजे काय, हे तोवर मला नीटसे ठाऊक नव्हते. संगणकावर मोठमोठी गणिते चालवते, एवढेच सांगत असे. त्या सकाळी पहिल्यांदा मी ते ऐकून घेतले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

हवेचे गणित करायचे तर देशाच्या नकाशावर चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनात वारा, दाब, उष्णता, बाष्प यांचे पुढे काय होईल ते मांडत जातात. हे काम एकट्याच्या आवाक्यातले नाही, हे पहिल्यांदा ज्याला पुरते उमगले तो लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्यांवर काम करीत असताना त्याने हातांनी असे गणित मांडले. विषय होता २० मे १९१० या एका दिवसातले सहा तास. त्यासाठी सहा आठवडे खर्ची पडले आणि उत्तर साफ चुकले. माणूस खचला नाही. १९२२ साली त्याने आपल्या पुस्तकात एक स्वप्न रंगवले : नाटकगृहासारखे एक अफाट गोल दालन, भिंतीवर पृथ्वीचा नकाशा, आणि आपापल्या प्रदेशाचे गणित करीत बसलेले ६४,००० गणक. मधल्या उंच खांबावर एक मुख्य. जो प्रदेश पुढे धावतो आहे त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, जो मागे पडला आहे त्याच्यावर निळा. कारण शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय कुणालाच पुढचे पाऊल टाकता येत नाही. एक मागे पडला की सगळे खोळंबले.

"म्हणजे काल रात्री तुमच्या आईवर निळा प्रकाश पडला होता," मी म्हणालो.

"पडला असता," पुतणी म्हणाली. "पण मुख्य झोपले होते!"

यावर मी काय बोलणार?

असो. रिचर्डसनचे स्वप्न ज्या गावांत खरे झाले त्यांत आपले पुणेही आहे. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आले, म्हणून जुने पुणेकर त्या दगडी इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९६२ साली उष्णदेशीय हवामानाच्या अभ्यासाची संस्था इथेच निघाली. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेकडून मोठा संगणक मिळवताना किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या, ते सर्वश्रुत आहे. त्यातून १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली तिने 'परम ८०००' तयार केला. त्यातली युक्ती अशी की, एक राक्षसी मेंदू करण्याऐवजी ट्रान्स्प्युटर नावाचे साधे साधे मेंदू घ्यायचे, प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा द्यायच्या आणि काम सर्वांत वाटायचे. हत्ती मिळत नसेल तर मुंग्या जमवायच्या, असा तो मामला. आज तीच रीत जगभर चालते. २०२४ साली उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' नावाचा संगणक आला. त्याची ताकद सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडींची. पण तोही शेवटी हजारो मुंग्यांचाच आहे. २०२५ च्या मे महिन्यात देशाच्या हवामान अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. जाळी निम्मी केली की चौकोन चौपट होतात. काळाची पावलेही साधारण निम्मी घ्यावी लागतात. म्हणजे काम आठपट. मुंग्या लागणारच.

आता मुंग्या वाढवल्या म्हणजे काम तितक्या पटीने लवकर होईल, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले होते. जीन अ‍ॅम्डाल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६७ साली तो भ्रम काढून टाकला. कामाचा दहावा हिस्सा असा असेल की तो एकट्यानेच, एकामागून एकच करता येतो, तर उरलेल्या कामाला कितीही हात लावा, सगळे मिळून दहापटीपेक्षा लवकर काही होणार नाही. दहा जणी करंज्या लाटायला बसल्या तरी कढई एकच ना! आमच्या घरी तर वरची शेगडी थंड पडली असताना खाली रांग लागली होती. त्याला अ‍ॅम्डालसाहेबही काही करू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट वाटणीची. पुतणीने महाराष्ट्राचा नकाशा काढून सारखे चौकोन पाडले. "आता आषाढातला एक दिवस घ्या. कोकणावर ढग दाटलेत, मराठवाड्यावर ऊन आहे. चौकोन सारखेच, पण ज्याच्या वाट्याला ढग आले त्याला थेंबांचा, वाफेचा, उष्णतेचा सगळा हिशेब करायचा. ज्याच्याकडे निरभ्र आकाश, तो लवकर मोकळा. मग प्रत्येक पावलाला मराठवाडा कोकणाची वाट बघत बसतो. यंत्र कोट्यवधींचं, वीज भरमसाट, आणि निम्मे मेंदू नुसते बसून!"

"मग ढगवाल्याला लहान चौकोन द्या," मी हिशेबनिसाचे शहाणपण सांगितले.

"ढग जागेवर थांबतात का, काका?"

यातच सगळी मेख आहे. काही भार आधी कळतो. उदाहरणार्थ, सूर्य. जिथे रात्र आहे तिथे सूर्यप्रकाशाचे गणित करावे लागत नाही. पण सूर्य पंचांग पाळतो. म्हणून प्रत्येक मेंदूला एक तुकडा दिवसातला आणि एक तुकडा पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा देऊन टाकला की झाले. ही वाटणी सकाळी कागदावर करता येते. ढग मात्र पंचांग पाळत नाहीत. त्यांच्यासाठी काम चालू असतानाच भार हलवावा लागतो. गेल्या पावलाला कुणाला किती वेळ लागला ते मोजायचे, आणि दोन मिनिटांत ढग काही पळून जात नाही या भरवशावर पुढची वाटणी सुधारायची.

मग काम हलवायचे कसे? एक रीत म्हणजे मध्ये कामाचा ढीग आणि त्यावर एक मुकादम. ज्याचे झाले त्याने यावे आणि पुढचे घेऊन जावे. वीसपंचवीस हातांना हे ठीक. हजारो हात आले की मुकादमापुढेच रेशनच्या दुकानासारखी रांग. म्हणून दुसरी रीत निघाली : मुकादम नको. ज्याचे हात रिकामे झाले त्याने गुपचूप एखाद्या शेजाऱ्याकडे जावे आणि त्याच्या कामातले काही उचलून आणावे. शेजारी ढिगाच्या एका टोकाकडून काम करीत असतो. याने दुसऱ्या टोकाकडून घ्यायचे, म्हणजे हाताला हात लागत नाही. या रीतीला त्यांच्या भाषेत कामाची चोरी म्हणतात. आपल्याकडे कामचोर म्हणजे काम टाळणारा. हा कामचोर निराळा. हा काम चोरून नेतो आणि ते करून टाकतो. असला एखादा चोर आमच्या घरात निघाला असता तर!

"पण ज्याला जास्त झालंय त्यानेच हाक मारावी, हे सोपं नाही का?" मी विचारले. खरे म्हणजे मी स्वतःचा बचाव करीत होतो. वहिनींनी एक हाक दिली असती तर मी आलो नसतो काय?

पुतणी म्हणाली, "तेही करून पाहिलंय लोकांनी. भार हलका असतो तोवर चालतं. पण सगळीकडेच काम दाटलं, की जो बुडालाय त्याचाच वेळ मदतनीस शोधण्यात जातो. तेव्हा रिकाम्यानेच विचारत फिरलेलं बरं पडतं. त्याला तेवढंच तर काम असतं."

मी खाली गेलो. वहिनी मनगटाला पट्टी बांधून देवापुढे वाती लावीत बसल्या होत्या. मी म्हटले, "वहिनी, रात्री हाक मारायची होती."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुपावरून नजर काढून हाक मारायला वर कशी येऊ? आणि कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

गेल्या वर्षी सूत्रे पुतणीने हातात घेतली. कागद नाही, किलो नाहीत. सगळा जिन्नस जेवणाच्या टेबलावर, वरखाली दोन्ही शेगड्यांवर तळण, आणि एकच नियम : हात रिकामा झाला की पुढचा घाणा उचलायचा. घाणा हेच वाटणीचे माप. पहिल्या तासात पुतण्या चार चकल्या घेऊन वर, चार घेऊन खाली, असा जिन्यातच पळत होता. तळायला लागत होता त्याहून अधिक वेळ जिना चढायला, आणि वाटेत काटे मोडत होते ते वेगळेच. पुतणी म्हणाली, त्यांच्याकडेही हेच. काम इथून तिथे न्यायलाही वेळ लागतो, म्हणून फार बारीक तुकडे करून चालत नाही, आणि फार मोठे केले तर शेवटचा तुकडा ज्याच्या हाती तो सगळ्यांना खोळंबून ठेवतो. मग सुरुवातीला मोठी ताटे आणि शेवटी शेवटी लहान, असे ठरले. वहिनी मधूनमधून म्हणत होत्या, "समजावून सांगण्यापेक्षा मीच करते." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघराने ऐकलेले आहे. पुतणी हसून म्हणाली, "आई, हा खर्च आम्हीही हिशेबात धरतो. पण एकदाच सांगायचं आणि वर्षानुवर्षे वापरायचं असेल तर तो वसूल होतो."

संध्याकाळी साडेसातला शेवटचा घाणा निघाला. आदल्या वर्षी रात्रीचा दीड झाला होता. मी विजयी मुद्रेने हिशेब मांडायला बसलो, आणि तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे न बघता म्हटले, "सूनबाईला आधी चहा द्या."

तेव्हा माझे लक्ष गेले. सूनबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांचा हात भराभर चालतो. हात रिकामा झाला की पुढचा घाणा, हा नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळला होता. मोजले तर त्यांचे घाणे अकरा निघाले, माझे चार. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. सगळ्यांचे काम एकाच वेळी संपले होते, कुणी कुणासाठी खोळंबले नव्हते. फक्त जी झपाट्याने करते तिला झपाट्याची शिक्षा झाली होती, आणि माझ्यासारख्या संथ माणसाला संथपणाचे बक्षीस.

मी पुतणीकडे पाहिले. ती ओशाळली. "यंत्रांना हेच हवं असतं," ती म्हणाली. "जो वेगाने करतो त्याला अधिक द्या. पण यंत्राला पाठ नसते, काका."

तेव्हापासून मी विचार करतो आहे, की वहिनींची चाळीस वर्षे अशीच गेली असली पाहिजेत. त्यांना कुणी मुद्दाम भार दिला नाही. त्यांचा हात लवकर रिकामा होतो असे दिसले, म्हणून त्यात पुढचे काम आले. त्या ते करू शकतात असे दिसले, म्हणून आणखी आले. आणि दुसऱ्या कुणाला ते येत नाही, म्हणून ते कायमचे त्यांचे झाले. कचेऱ्यांतही मी हेच पाहिले आहे. उत्तम काम करणाऱ्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर आणि शेजारच्या टेबलावर पानसुपारी! तीस वर्षे ते डोंगर मी मोजले. कुणाचे किती, हे लिहून ठेवले. उचलली मात्र त्यातली एकही फाईल नाही.

म्हणून यंदा मी मुंग्यांच्या नियमाला घरचे एक कलम जोडले आहे. वेग पाहून काम घ्यायचे नाही. दमणूक पाहून घ्यायचे. आणि जे काम एकाच माणसाला येते, ते निदान आणखी एकाने शिकायचे. म्हणजे ती कढई कुणा एकाची राहत नाही.

हा लेख लिहिण्याआधी आठ दिवस मी वहिनींकडे शिकायला बसलो. तांदूळ तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, फडक्यावर सुकवणे, कुटणे, गुळात कालवून पीठ मुरवणे, सगळे रीतसर केले. वहिनी शेजारी पाटावर बसल्या होत्या; मनगटावरचा डाग आता फिकट झाला आहे. मी खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला. तो क्षणभर थांबला, आणि मग हसला. अनारसा हसला म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरात विचारावे. तुपात नुसता चुरा झाला.

वहिनीही हसल्या. झाऱ्यासाठी त्यांचा हात पुढे आला आणि ओठांवर ते जुने वाक्य आले. पण त्यांनी हात मागे घेतला.

"आच कमी करा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि दुसरा सोडा."